चाळीस सेकंद मागं चालणारं घड्याळ

आमची कंपनी पहाडात हलल्याची खबर मला रजेवर असताना मिळाली. मी तेव्हा इंजिनियर्सच्या एका फील्ड कंपनीत नाईक होतो. फील्ड कंपनीचं काम म्हणजे रस्ते, पूल आणि सुरुंग. माझं गाव तामलवाडी, तालुका तुळजापूर. निजामाचं राज्य जाऊन आमचा मुलूख हिंदुस्थानात सामील झाला, त्यानंतर दुसऱ्या वर्षी मी भरती झालो. त्याच भरतीत भूमचा शेख दस्तगीर होता. पुढं आम्ही दोघं बरोबरच नाईक झालो. कंपनीत आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं रजाही शक्यतो एकदम मागायचो.

खबर पोस्टकार्डानं आली. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, सोलापूरहून कोणती गाडी धरायची. दुसरी अशी की, पहाडात सुरुंगाचं काम रोजचं असणार, सरकारी घड्याळ प्लाटूनला एकच आहे, तेव्हा ज्या एनसीओला, म्हणजे नाईक-हवालदाराला, जमेल त्यानं स्वतःचं भरवशाचं घड्याळ घेऊन यावं.

घड्याळ कोणतं घ्यावं, असं गावातले लोक मला अजून विचारतात. कुणी नवीन एसटी कंडक्टर झालेला असतो, कुणी विहिरीवर सुरुंगाचं काम घेतलेलं असतं. मी कुठल्या कंपनीचं नाव सांगत नाही. ही हकीकत सांगतो.

त्या रजेत दस्तगीरचं लग्न झालं. मुलगी भूमचीच, नाव जुबेदा, सातवी पास. तिचे वडील चांदभाई मणियार होते. एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बाजारच्या दिवशी तिथं बायकांची गर्दी व्हायची. चांदभाई नुसतं मनगट पाहून माप सांगायचे आणि ते चुकायचं नाही. निकाहनंतर त्यांनी स्वतःच्या हातानं जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. सोनेरी आणि अगदी पातळ. आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. सेकंदांची वेगळी छोटी तबकडी खालच्या बाजूला, आणि तिच्यात तिळाएवढा काटा.

आमच्या भागात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ पहिलं वर्षभर हातावरून उतरवत नाहीत. उतरवलं तर लोक विचारतात, "काय जावईबापू, विकलं का?" हिंदू असो की मुसलमान, ही रीत दोन्हीकडं सारखीच.

लग्नानंतर आठवड्यानं आम्ही निघालो. भूमहून एसटीनं धाराशिव, तिथून तामलवाडीवरून सोलापूर. धाराशिवला पुढच्या गाडीला बराच वेळ होता. कचेरीच्या रस्त्याला घड्याळाचं एक दुकान होतं, त्यात आम्ही शिरलो.

दुकानदारानं आधी दस्तगीरच्या मनगटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"यांच्यासारखंच दाखवू का?"

"नको," मी म्हणालो. "कामाचं दाखवा."

"मग हे काय बिनकामाचं हाय व्हय?" दस्तगीर म्हणाला.

दुकानदारानं काचेवर पाच-सहा घड्याळं मांडली. मला हवा होता तो मधोमध बसवलेला लांब सेकंद काटा. सुरुंगाच्या वातीची वेळ सेकंदात मोजतात, तेव्हा काटा हाताच्या अंतरावरून दिसला पाहिजे. तीन घड्याळं तिथंच बाद झाली. उरलेल्या तिन्हींची चावी मी बोटं ओली करून फिरवून पाहिली. एकाची चावी इतकी बारीक होती की निसटायची. मग दुकानदाराचा खुंटीवरचा कोट मागून घेतला आणि त्याच्या बाहीत हात घालून अंधारात आकडे दिसतात का ते पाहिलं.

"आता खाली पाडून बघा, म्हणजे झालं," दुकानदार म्हणाला.

"पाडू का?"

"अहो, गंमत केली!"

शेवटी एक स्टीलचं घड्याळ राहिलं. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, काट्यांना रेडियम, मागचं झाकण आट्यांचं. दुकानदारानं ते उलटं करून पाठीवरची अक्षरं दाखवली. "हे बघा, अँटिमॅग्नेटिक. लोहचुंबकाचा परिणाम होत न्हाय."

"आमाला काय चुंबकाच्या दुकानात कामाला जायचंय?" दस्तगीर म्हणाला. त्यानं घड्याळ तळहातावर तोलून पाहिलं. "व्यंकट, लेका, हे घड्याळ हाय का तवा? भाकर भाजायची का याच्यावर?"

चुंबकाच्या गोष्टीला मीही तेव्हा किंमत दिली नाही. घड्याळ माझ्या पगाराच्या मानानं भारी होतं, पण घेतलं. चामड्याचा पट्टा काढायला लावून कॅनव्हासचा बसवला. चामडं घामानं कुजतं.

कॅम्प एका उतारावर होता. खाली नदी, वर कडा आणि मधून आमचा रस्ता. सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. तिथं पहिलं काम घड्याळं मिळवायचं. रेडिओवरच्या ठोक्यांवर सरकारी घड्याळ लावलेलं असायचं. आमचे प्लाटूनचे सुभेदारसाहेब गढवालचे, कमी बोलणारे. ते सरकारी घड्याळ हातात धरून "मिलाओ" एवढंच म्हणायचे. मग आम्ही काटे मिळवायचो आणि चावी द्यायचो. चावी रोज त्याच वेळेला, अडेपर्यंत, असा त्यांचा हुकूम होता.

दहा दिवसांत मला माझ्या घड्याळाची चाल कळली. रोज चाळीस सेकंद मागं. मी साहेबांना तसं सांगितलं आणि घड्याळजी मिळाला तर दुरुस्त करून घेतो म्हणालो.

"रोज़ चालीस?" त्यांनी विचारलं. "कभी ज़्यादा, कभी कम?"

"नहीं साब. रोज़ चालीस."

"तो हाथ मत लगाना. अच्छी घड़ी है."

दस्तगीरचं घड्याळ कधी मिनिटभर पुढं असायचं, कधी अर्धा मिनिट मागं. तो म्हणायचा, नवी नवरी हाय, रुळायला वेळ लागतो.

सुरुंगाची पद्धत ठरलेली होती. वातीचं नवं रीळ उघडलं की फूटभर तुकडा कापून जाळायचा आणि किती सेकंदात जळतो ते घड्याळावर पाहायचं. मग भोकं भरायची, वाती पेटवायच्या आणि चालत आडोशाला यायचं. पळायचं नाही, पळणारा पडतो. आडोशाला बसून बार मोजायचे. जितक्या वाती पेटवल्या तितके बार झाले तर काम पुढं. एक जरी कमी झाला तरी मिसफायर. मिसफायर झाला की अर्धा तास कुणीही तिकडं जायचं नाही. ओली वात आत धुमसत राहते आणि उशिरा पेट घेते. अर्धा तास दोघांनी दोन घड्याळांवर मोजायचा. दोन घड्याळांत फरक पडला तर साहेबांचा एक नियम होता. जे मागं आहे ते खरं धरायचं. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज़्यादा बैठने में क्या जाता है?"

मग पाऊस लागला. आठवडाभर थांबला नाही. दस्तगीरच्या घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरायला लागली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा ते उतरवलं. आता ठेवायचं कुठं? तंबूत बिछाना ओला, पेटी ओली, बुटांत पाणी. एकच जागा कोरडी होती. काही सुरुंग वातीनं न उडवता विजेच्या तारेनं उडवायचे असतात. त्यासाठी हातानं मूठ फिरवायचं एक यंत्र असतं, त्याला एक्स्प्लोडर म्हणतात. हे यंत्र कोरडं राहिलंच पाहिजे असा कडक हुकूम असल्यामुळं ते लाकडी पेटीत, मेणकापडात गुंडाळून दस्तगीरच्या ताब्यात होतं. त्यानं सासऱ्याचं घड्याळ रुमालात बांधून त्याच पेटीत, यंत्राला टेकवून ठेवलं.

"कंपनी कमांडरच्या तंबूत बी एवढी कोरडी जागा न्हाय," तो म्हणाला. मलाही ते पटलं.

आठव्या दिवशी पाऊस उघडला. त्याच सकाळी कॅम्पपुढं दरड आल्याचा निरोप आला. रस्त्यावर घरांएवढे धोंडे पडले होते. पलीकडं एक अँब्युलन्स अडकली होती. वरच्या चौकीवरचा एक शिपाई तिच्यात होता, अपेंडिक्स सुजलेलं. बरोबरच्या डॉक्टरचं म्हणणं, संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं नाही तर हा हातचा जाईल. स्ट्रेचर त्या धोंड्यांवरून नेता येत नव्हतं. वाट करायला मधले धोंडे फोडणं भाग होतं.

सुभेदारसाहेब वायरलेस सेट घेऊन धोंड्यांवरून चढून पलीकडं गेले. सरकारी घड्याळ त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं होतं. अलीकडं मी, दस्तगीर आणि आमचे जवान, एक सेट आमच्याकडं. दस्तगीरनं निघताना पेटीतून घड्याळ काढलं आणि चावी देऊन हातावर बांधलं. सकाळच्या गडबडीत ते मिळवलेलं नव्हतं, पण अर्धा तास मोजायला चालतं घड्याळ पुरतं, त्यामुळं ते कुणाला खटकलं नाही.

पाच भोकं भरली. पाच वाती पेटवल्या. कड्याच्या वळणामागं येऊन बसलो.

एक. दोन. तीन. चार.

पाचवा झाला नाही. आम्ही आणखी थांबलो. झाला नाही. दोघांनी आपापल्या घड्याळात वेळ पाहून घेतली.

सेटवर साहेबांचा आवाज आला. "कितने? ओवर."

"चार, साब. एक मिसफायर. ओवर."

"आधा घंटा. आउट."

ऊन पडलं होतं. जवानांनी बिड्या काढल्या. पलीकडून अँब्युलन्सचा हॉर्न दोनदा वाजला, मग साहेबांनी बहुधा तो बंद करायला लावला. थोड्या वेळानं डॉक्टरचा आवाज सेटवर आला. तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला, त्यातलं 'हाऊ लाँग' तेवढं मला कळलं.

दस्तगीर उठला. पहार उचलली.

"झाली तीस मिनिटं. चला रे."

मी घड्याळ पाहिलं. "बस खाली. बावीस झालीत."

"तुझं मागं चालतंय. तूच सांगतोस की रोज."

"दिवसाला चाळीस सेकंद मागं चालतं. अर्ध्या तासात आठ मिनिटं मागं पडंल का? हिशेब कर की."

"आन् माझं पुढं पडंल व्हय? सासऱ्यानं दिलंय, बाजारातनं उचललेलं न्हाय." मग तो हसण्यावारी न नेता म्हणाला, "व्यंकट, तिकडं माणूस मरायला लागलाय."

ते खरं होतं. त्या माणसाला पोटात काय होत असेल ते दस्तगीरला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ त्याच दुखण्यानं भूमहून बार्शीला नेताना वाटेत गेला होता. त्याला घाई होती ती त्यामुळं. आणि त्याच्या घड्याळात तीस मिनिटं झाली होती. तो नियम मोडत नव्हता.

मी सेट घेतला. "साब, दो घड़ियों में आठ मिनट का फ़र्क़. एक में तीस, एक में बाईस. ओवर."

साहेबांचं उत्तर लगेच आलं.

"पीछे वाली मानो. बैठे रहो. आउट."

दस्तगीरनं पहार खाली ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून बसला.

माझ्या घड्याळात सव्वीस मिनिटं होत असताना पाचवा बार झाला.

धोंड्याचे तुकडे नदीपर्यंत गेले. आम्ही जिथून चालत आलो होतो त्या रस्त्यावर डोक्याएवढे दगड येऊन पडले. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

"पाँचवाँ? ओवर."

"पाँचवाँ, साब. ओवर."

"कोई गया तो नहीं?"

"कोई नहीं, साब."

"ठीक है. काम शुरू. आउट."

तासाभरात वाट झाली. स्ट्रेचर अलीकडं आलं, आमच्या गाडीत चढलं आणि गेलं. तो शिपाई वाचला. दीड महिन्यानं तो परत वर चौकीवर जाताना आमच्याकडं चहाला थांबला होता.

काम सुरू करण्याआधी दस्तगीरनं हातातलं घड्याळ सोडून कानाला लावलं. मग माझ्या कानाला लावलं. टिकटिक इतकी घाईची होती की एकेक ठोका वेगळा काढता येईना.

"लई पळतंय की रे हे," तो म्हणाला. एवढंच.

कॅम्पवर आल्यावर साहेबांनी ते मागून घेतलं. कुठं ठेवलं होतं ते विचारलं. एक्स्प्लोडरची पेटी आणायला लावली आणि तिच्याजवळ आपला होकायंत्राचा डबा धरला. सुई गर्रकन फिरली. यंत्राच्या पोटात मोठं लोहचुंबक असतं, हे आम्हा दोघांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. पण ते वीज कशी होते या धड्यात शिकवलेलं; घड्याळाशी त्याचा संबंध आम्ही कधी जोडला नव्हता. चुंबकानं घड्याळातल्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. सगळ्यात जपून ठेवलेलं घड्याळ सगळ्यात वाईट जागी राहिलं होतं. माझं मात्र रोज त्या पेटीशेजारून जाऊनही बिघडलं नव्हतं. तेव्हा मला धाराशिवच्या दुकानदारानं दाखवलेली पाठीवरची अक्षरं आठवली.

दस्तगीरनं ही सगळी हकीकत भूमला पत्रात लिहिली, विनोदानं. चाचा, तुमच्या घड्याळाला जावयापेक्षा जास्त घाई आहे, असं काहीतरी.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मला रजा मिळाली, त्याला मिळाली नाही. निघताना त्यानं सोनेरी घड्याळ माझ्या खिशात घातलं.

"सोलापूरला दुरुस्त कर. आन् भूमला जाऊन चाचांना दाखव. न्हायतर म्हणतील, जावयानं विकलं."

मी माझं सोडून त्याच्या हातावर बांधलं. रजेत मला सेकंदांची गरज नव्हती, त्याला होती.

"तवा दिलास व्हय मला?" तो म्हणाला.

"जपून वापर. परत घेणार हाय."

सोलापूरच्या घड्याळजीनं चुंबक उतरवायला फार वेळ घेतला नाही. घड्याळ नीट चालायला लागलं. मी भूमला जायचा दिवस ठरवला होता. त्याच्या आदल्या दिवशी चांदभाईंचा माणूस तामलवाडीला आला. तार आली होती. नाईक शेख दस्तगीर दरड कोसळून कामावर असताना मरण पावला.

मी भूमला पोचलो तेव्हा दुकान बंद होतं. चांदभाई आत बांगड्यांच्या खोक्यांमध्ये बसले होते. लोक येऊन गेलेले होते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, खरं सांगा. त्या घड्याळामुळं तर न्हाय ना गेला माझा पोरगा? त्यानं पत्रात लिहिलं व्हतं. मी तवा हसलो व्हतो."

त्यांना काय वाटत होतं ते मला तेव्हा समजलं. मी खिशातून सोनेरी घड्याळ काढून त्यांच्या समोर ठेवलं.

"चाचा, हे माझ्याजवळ व्हतं. महिना झाला, माझ्याजवळच हाय. त्याच्या हातात माझं व्हतं."

त्यांनी घड्याळ उचललं. मग कानाला लावलं.

"बरोबर चालतंय का आता?"

"बरोबर चालतंय."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते रडले. तोपर्यंत रडले नव्हते, असं मला नंतर जुबेदाकडून कळलं.

रजा संपवून कंपनीत गेल्यावर मी सगळं विचारून घेतलं. सुरुंगाचं काम नव्हतंच. मोकळा केलेला रस्ता तपासताना दुपारी सव्वादोनला वरून दगड सुटला. दोन जवान त्याच्यापुढं होते, त्यांना त्यानं ढकललं. ते वाचले. दस्तगीरला तिथंच, रस्त्याच्या वरच्या अंगाला दफन केलं. कंपनीनं सलामी दिली. त्याचं सामान आधीच भूमला रवाना झालं होतं आणि माझं घड्याळ त्यात गेलं होतं.

पुढच्या वर्षी मी भूमला गेलो तेव्हा जुबेदानं रुमालात बांधलेलं ते घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. काच शाबूत होती. काटे सातला वीस कमीवर थांबले होते.

"हीच वेळ ना, भाऊ?" तिनं विचारलं.

तिनं वर्षभर तसंच धरलं होतं. मी हो म्हणालो असतो तर तिला चाललं असतं. पण ते खरं नव्हतं.

"न्हाय. तो दुपारी सव्वादोनला गेला. आमची चावी द्यायची वेळ सकाळी सहाची. त्यानं त्या दिवशीबी दिली आसंल. हे घड्याळ भरल्या चावीवर छत्तीस तास चालतं, वर थोडं. म्हणजे हे थांबलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी."

तिनं मनाशी मोजलं. "म्हणजे ते गेल्यावर बी चालत व्हतं."

"अठ्ठावीस तास. त्यानंच दिलेल्या चावीवर."

तिनं रुमाल परत बांधला. मी सोनेरी घड्याळ तिच्यापुढं केलं, कारण ते तिच्या घरचं होतं. तिनं ते मागं सारलं.

"तुमचं त्यांच्याकडं व्हतं. त्यांचं तुमच्याकडं राहू द्या."

मी हवालदार होऊन निवृत्त झालो आणि शेतीला लागलो. काही वर्षांनी चांदभाईंचा निरोप आला. जुबेदाची धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात दाईच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली होती. तिथं सेकंद काट्याचं घड्याळ लागतं. हवालदारांनी येऊन कोणतं घ्यायचं ते सांगावं.

मी गेलो. चांदभाई थकले होते, पण दुकान चालू होतं. भाऊबंदांतले काही जण नाराज असल्याचं त्यांनी सांगितलं. "म्हणतात, बेवा पोरीला परगावी ठेवता? मी म्हणलं, तुमच्या घरी बाळंतपण अडलं की तिलाच बोलवाल, तवा बघू."

जुबेदा समोर बसली. "भाऊ, घड्याळ कसलं घ्यावं? मला काय बी कळत न्हाय त्यातलं."

मी सांगितलं. नाडी मोजायची म्हणजे सेकंद काटा मधोमध आणि लांब पाहिजे, दुसऱ्याच्या मनगटावर बोट ठेवून आपल्या मनगटाकडं बघता आलं पाहिजे. दवाखान्यात सारखं पाणी आणि साबण, तेव्हा मागचं झाकण आट्यांचं. खेड्यात दिवे नसतात, म्हणून रेडियम. चावी ओल्या बोटांनी फिरली पाहिजे. दिसायला कसंही असलं तरी चालेल, पण असं हवं की कामावर तेच आणि घरी तेच. चांगलं घड्याळ जपायला म्हणून पेटीत ठेवलं की ते आपल्या उपयोगाचं राहत नाही. आणि रोज किती पुढं किंवा मागं जातं ते पाहावं. ठरावीक मागं जात असलं तर काळजी नाही.

"हे सगळं धाराशिवच्या दुकानात मिळंल का?" चांदभाईंनी विचारलं.

"मिळंल. उद्या जाऊ आपण."

जुबेदा उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो रुमाल होता. तिनं गाठ सोडली.

"असंच ना?"

"असंच," मी म्हणालो.

काटे अजून सातला वीस कमीवरच होते. चांदभाईंनी मुलीकडं पाहिलं. ती घड्याळाकडं पाहत होती. रस्त्यावरून एसटी गेली, दुकानातल्या बांगड्या किणकिणल्या. मी काही सुचवलं नाही. हे तिनं ठरवायचं होतं.

तिनं हात पुढं केला. चांदभाईंनी घड्याळ तिच्या मनगटावर ठेवलं. दस्तगीर गेल्यापासून त्या हातात काही नव्हतं. कॅनव्हासचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडत होता. चांदभाईंनी पट्टा काढून घेतला, तिच्या मनगटाकडं एकदा पाहिलं आणि टोच्यानं नवीन भोक पाडलं. माप घेतलं नाही. पट्टा बांधला तो बरोबर बसला.

"किती फिरवायची?" तिनं चावीला बोट लावून विचारलं.

"अडेपर्यंत. रोज एकाच वेळेला."

तिनं चावी दिली. घड्याळ चालू झालं. तिनं ते कानाला लावलं, मग वडिलांच्या कानाला लावलं. मी माझ्या मनगटावरच्या सोनेरी घड्याळात वेळ पाहून सांगितली आणि तिनं काटे मिळवले.

आता ती त्याच जिल्ह्यात नोकरीवर आहे. तिचं घड्याळ अजून दिवसाला चाळीस सेकंद मागं जातं. धाराशिवच्या एका घड्याळजीनं दुरुस्त करून देतो म्हटलं होतं. तिनं हात लावू दिला नाही.

नाईक शेख दस्तगीर, राहणार भूम. ज्या रस्त्याच्या कडेला तो आहे, तिथं मी पुन्हा गेलेलो नाही. रोज सकाळी सहाला मी त्याच्या घड्याळाला चावी देतो. त्याच सुमाराला तिकडं जुबेदा माझ्या घड्याळाला चावी देत असते.